न दिसलेली पानं मोजायची कशी? पोकरमधला ४७ की २९ चा वाद

महालकर:

आधी प्रश्न मांडतो, मग आमच्याकडे कोण काय म्हणतंय ते सांगतो.

खेळ टेक्सास होल्डेम पोकर, बसलेत नऊ जण. माझ्या हातात बदामाचा एक्का आणि बदामाची नव्वी. फ्लॉपला, म्हणजे मध्ये सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, बदाम राजा, बदाम दुर्री आणि किलवर सत्ती. चार बदाम झाले, पाचवा आला की फ्लश. तर पुढचं उघडणारं पान, टर्न, बदामाचं असायची शक्यता किती?

माझा हिशोब असा. तेरा बदामांपैकी चार मला दिसतात, नऊ दिसत नाहीत. बावन्न पानांपैकी पाच मला दिसतात, ४७ दिसत नाहीत. म्हणून ९/४७, म्हणजे १९.१५ टक्के.

यावर सुट्टीभर वाद चाललाय. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी दार उघडायची सोय नसते, त्यामुळे कूलरसमोर बसून वाद घालायला वेळ भरपूर. मामा म्हणतात, "अरे, आठ जणांच्या हातात सोळा पानं गेली. त्यातून बदामही गेले. ते काही परत कॅटमध्ये येत नाहीत. तुझी शक्यता एकोणीसपेक्षा कमीच." मावसभाऊ बरोबर उलट बोलतो. ती सोळा पानं कॅटमध्ये नाहीतच, तर ४७ ने भागायचं कशाला? बावन्नातून अठरा वाटली, राहिली ३४. फ्लॉपच्या आधी एक पान बर्न झालं, म्हणजे न उघडता बाजूला सारलं, ३३. फ्लॉपची तीन गेली, ३०. टर्नच्या आधी आणखी एक बर्न, राहिली २९. म्हणून ९/२९, ३१ टक्के.

मामांनी वाटलेले बदाम वजा केले, पण त्यांच्यासोबत गेलेली बाकीची पानं वजा केली नाहीत. मावसभावाने पानं वजा केली, बदाम मात्र सगळे नऊ कॅटमध्येच ठेवले. दोन्ही वजा करून बघा. ४७ पानांत ९ बदाम, तर आठ जणांच्या सोळा पानांत सरासरी ९ × १६ ÷ ४७ = ३.०६ बदाम. दोन बर्न पानांत ०.३८. कॅटच्या उरलेल्या २९ पानांत ५.५५. आता ५.५५ ला २९ ने भागा. ०.१९१५ येतं. ९/४७ च आहे ते.

पान शेजाऱ्याच्या हातात आहे, बर्न होऊन बाजूला पडलंय की कॅटच्या तळाशी आहे, याने माझ्या हिशोबात काही बदलत नाही, जोवर ते मला दिसलेलं नाही. मला हे पटलेलं आहे. घरच्यांना पटवायचं आहे, म्हणून इथे लिहितोय. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी जरूर लिहा.

तर्रीपोहे:

भाऊ, तू सरासरी सांगून राहिला, पण सरासरीने डाव होत नाही ना. त्या सोळा पानांत तीन नाही, सहा बदाम गेले असले तर? मंग तुले तीनच उरले. आणि तू एकोणीस टक्के धरून चिंचोके टाकून राहिला! खरी शक्यता तर निम्म्यावर आली.

गणिताच्या बाई:

तर्रीपोहे, शंका अगदी रास्त आहे, वर्गात हाच प्रश्न दरवर्षी येतो. सहा बदाम इतरांकडे गेले असतील तर उरलेल्या ३१ पानांत, म्हणजे कॅट अधिक बर्न, तीनच बदाम राहतात आणि शक्यता ३/३१, जेमतेम पावणेदहा टक्के होते. मान्य. पण एकही बदाम इतरांकडे गेला नसेल तर ती ९/३१, म्हणजे २९ टक्के होते. यातलं काय घडलंय हे तुम्हाला ठाऊक नाही. मग प्रत्येक प्रकार जितका संभवतो तितकं त्याला वजन देऊन सगळे मिळवायचे. ती बेरीज ९/४७ च येते.

सोळा पानांसाठी ही बेरीज लांबलचक होते, म्हणून एकाच पानावर करून दाखवते. फक्त एक पान बर्न झालं असं समजा. ते बदाम असण्याची शक्यता ९/४७, आणि तसं असेल तर पुढचं पान बदाम असण्याची ८/४६. ते बदाम नसण्याची शक्यता ३८/४७, आणि मग पुढचं बदाम असण्याची ९/४६. दोन्ही गुणाकार करून मिळवा: (७२ + ३४२) ÷ २१६२ = ४१४/२१६२. संक्षेप दिला की ९/४७. बर्न झालेल्या पानाने एका बाजूने जेवढं नेलं तेवढं दुसऱ्या बाजूने परत दिलं. सोळा पानांनाही हेच लागू, कारण तेच काम सोळा वेळा करायचं आहे.

आणि आकडेमोड नकोच असेल तर असा विचार करा. न दिसलेल्या ४७ पानांना ४७ जागा आहेत: सोळा हातांत, दोन बर्नच्या, बाकी कॅटमध्ये. नीट पिसलेल्या कॅटमध्ये कुठलंही पान कुठल्याही जागी असणं सारखंच संभवतं. टर्नची जागा त्या ४७ पैकी एक. तिच्यात काही विशेष नाही. म्हणून तिथे बदाम असण्याची शक्यता ९/४७.

भिशीप्रमुख:

आमच्या महिला भिशीत हे दर महिन्याला होतं. बारा चिठ्ठ्या, एकीवर खूण. सगळ्यांनी चिठ्ठ्या घ्यायच्या, मुठीत धरायच्या आणि एकदम उघडायच्या. दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "मी शेवटी घेतली, माझ्या आधीच खुणेची गेली असेल." अहो, कुणी उघडलीच नाही तर पहिलीला १/१२ आणि शेवटचीलाही १/१२. मधेच एखादीने मूठ उघडून दाखवली की मात्र बाकीच्यांचं बदलतं.

महालकर:

ताई, हे मी घरी सांगणार आहे. मामीही भिशीत आहेत, त्यांना लगेच पटेल.

विदर्भ एक्सप्रेस:

पण पान तर आधीच ठरलेलं असतं ना? कॅट पिसून झाला, सगळी पानं रांगेत लागली. टर्नला जे यायचं ते त्या क्षणीच ठरलं. मग एकोणीस टक्के कशाचे? एकतर शंभर, नाहीतर शून्य. मी गाडीत रोज पत्ते खेळणारा माणूस आहे, मला हे पहिल्यापासून खटकतं.

गणिताच्या बाई:

पान ठरलेलंच आहे, त्यात वाद नाही. एकोणीस टक्के हे तुमच्याकडे किती माहिती आहे याचं माप आहे. म्हणून एकाच पानाबद्दल तीन जणांचे तीन आकडे असू शकतात आणि तिन्ही बरोबर असू शकतात. तुमच्या हातात दोन बदाम आहेत म्हणून तुम्ही ९/४७ म्हणता. समोरच्याच्या हातात एकही बदाम नाही, त्याला फक्त फ्लॉपचे दोन दिसतात, त्याच्यासाठी ते ११/४७, म्हणजे २३.४ टक्के. पान वाटणाऱ्याने चोरून बघितलं असेल तर त्याच्यासाठी शंभर किंवा शून्य.

पास्कल आणि फर्मा यांचा १६५४ मधला प्रसिद्ध पत्रव्यवहार अर्धवट राहिलेल्या डावाची रक्कम कशी वाटायची यावरच होता. जे अजून उलगडलेलं नाही त्याचा न्याय्य हिशोब कसा मांडायचा, तिथूनच हे शास्त्र उभं राहिलं.

इतवारीकर:

एक व्यवहाराचा प्रश्न. ९/४७ धरा की ९/२९, चिंचोक्यांत फरक किती पडतो?

महालकर:

खूप पडतो. समजा मध्ये समोरच्याच्या बोलीसकट १०० चिंचोके आहेत, आणि पुढचं पान बघायला मला काही टाकायचे आहेत. पुढच्या फेऱ्यांतली बोली सोडून द्या, फक्त या एका पानाचा विचार करा. ९/४७ प्रमाणे मी २३ पर्यंत टाकले तर लांबच्या हिशोबात नुकसान नाही. २५ मागितले तर २५ भागिले १२५, म्हणजे २० टक्के शक्यता लागते. माझ्याकडे १९.१५ आहे, म्हणजे थोडंसं कमीच. मावसभावाच्या ९/२९ ने तोच माणूस ४५ पर्यंत टाकायला तयार होतो. प्रत्येक वेळी दुपटीच्या आसपास किंमत मोजली तर चिंचोक्यांचा डबा किती दिवस पुरेल?

टर्न आणि त्यानंतरचं शेवटचं पान, रिव्हर, दोन्ही बघायला मिळणार असतील तर निदान एक बदाम यायची शक्यता १ − (३८/४७ × ३७/४६), म्हणजे ३५ टक्के. अनुभवी खेळाडू तोंडी हिशोबाला उपयोगी पानं गुणिले दोन किंवा गुणिले चार करतात: एक पान यायचं असेल तर ९ × २ = १८, दोन यायची असतील तर ९ × ४ = ३६. जवळपास बरोबर येतं.

विदर्भ एक्सप्रेस:

बर्नने शक्यता बदलत नाही म्हणता, मग बर्न करतातच कशाला? आणि दुसरी गोष्ट. तुमचं सगळं गणित "नीट पिसलेला कॅट" या दोन शब्दांवर उभं आहे. घरात कोण नीट पिसतं? आम्ही गाडीत मेंढीकोट झाला की तीच पानं गोळा करून हातावर दोन-तीनदा पिसतो आणि वाटतो.

महालकर:

बर्नचं कारण सोपं आहे. कॅटच्या वरच्या पानाची पाठ सगळ्यांना दिसत असते. त्यावर नखाचा ओरखडा असेल, कोपरा दुमडलेला असेल, तर कुणीतरी ते ओळखेल. ते पान बाजूला सारलं की त्या ओळखीचा उपयोग राहत नाही. शक्यता आहे तिथेच राहते, लबाडीची वाट तेवढी बंद होते.

पिसण्याचा मुद्दा मात्र फार मोलाचा आहे, आणि माझ्या मते घरगुती खेळात सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. मेंढीकोटात हात कसा उचलला जातो ते आठवा. बदामाची उतारी आली की चौघं बदाम टाकतात, ती चार पानं एकावर एक उचलून पुढ्यात ठेवली जातात. असे तेरा हात. डाव संपला की कॅटमध्ये चार-चार, तीन-तीन एकाच रंगाची पानं चिकटून बसलेली असतात. हातावर पिसताना आपण पानांचे गठ्ठे इकडचे तिकडे करतो, गठ्ठ्याच्या आतली चार पानं तशीच राहतात. मग वाटताना एक-एक पान फिरवलं की ते चार बदाम शेजारशेजारच्या चौघांना जातात, किंवा चारही फ्लॉप-टर्नच्या आसपास येऊन पडतात. अशा कॅटमध्ये ४७ जागा सारख्या राहत नाहीत आणि ९/४७ ला अर्थ उरत नाही.

डेव्ह बेअर आणि पर्सी डायकोनिस यांनी १९९२ मध्ये यावर गणित मांडलं. कॅटचे दोन भाग करून पानं एकमेकांत फरफर सोडायची, त्याला रिफल म्हणतात, तसं सुमारे सात वेळा केलं की बावन्न पानं पुरेशी मिसळतात. हातावरच्या पिसण्याला त्याच्या कितीतरी पट वेळा लागतात. आम्ही आता मेंढीकोटानंतर सगळी पानं सतरंजीवर उलटी पसरतो, दोन्ही हातांनी चांगली घोळतो आणि मग रिफल करतो.

आणखी एक, खास आपल्या उन्हाळ्याचं. कूलरच्या समोर कागदी पानं ठेवू नका. दमट हवेने ती फुगतात, कडेला मऊ पडतात, दोन-दोन पानं एकमेकांना चिकटतात आणि कितीही पिसली तरी जोडीनेच फिरतात. अंगठ्याने कड चाळली की कळतं, चिकटलेल्या जोडीचा आवाज वेगळा येतो. बर्डीच्या बाजारातून प्लास्टिकची पानं आणा, सुटसुटीत राहतात.

चौकट राणी:

आता माझा प्रश्न. परवा आमच्याकडे असाच बदामाचा डाव होता. मी खेळत होते. दिराने पानं टाकून दिली होती, आणि टाकून दिल्यावर त्याने त्यातलं एक उघडं करून दाखवलं: इस्पिक दश्शी. मग माझी शक्यता ९/४६ झाली ना? एक न-बदाम पान कळलं, म्हणजे १९.५७ टक्के.

महालकर:

ताई, या एका प्रश्नासाठी हा धागा काढल्याचं सार्थक झालं. उत्तर आहे: पान कसं दिसलं यावर अवलंबून आहे. तीन प्रकार घेऊ. पान तिन्हीत तेच, इस्पिक दश्शी.

पहिला प्रकार. दिराच्या हातातून एक पान चुकून उलटं पडलं. दोनपैकी कुठलंही पडू शकलं असतं. मग तुमचं ९/४६ बरोबर, १९.५७ टक्के. चुकून पडलेलं पान बदाम असतं तर ८/४६, १७.३९.

दुसरा प्रकार. दिराची सवय अशी, की कुणी बदामाची वाट बघत असेल तर त्याला धीर द्यायला आपल्याकडचं बदाम नसलेलंच पान दाखवायचं. अशा माणसाने इस्पिक दश्शी दाखवली, तर त्याच्याकडे एक न-बदाम होतं एवढंच कळलं, आणि ते बहुतेक वेळा असतंच. दोन्ही पानं बदामाची असण्याची शक्यता मुळात ३.३ टक्के, तेवढीच वगळली गेली. उलट त्याचं न दाखवलेलं पान बदाम असण्याची शक्यता वाढते: चुकून पडलं असतं तर ती ९/४६, साडेएकोणीस टक्के राहिली असती, इथे ती ३२.७ होते. कारण एक बदाम आणि एक दश्शी असेल तर तो दश्शी नक्की दाखवतो, दोन्ही न-बदाम असतील तर दश्शी दाखवायची शक्यता निम्मीच. सगळं धरून तुमचं टर्नचं उत्तर १९.२७ टक्के. सुरुवातीच्या १९.१५ पासून फारसं हललंच नाही.

तिसरा प्रकार. दिराची सवय उलटी: आपल्याकडे बदाम असेल तर तोच दाखवायचा, "बघ, तुझा एक गेला." अशा माणसाने इस्पिक दश्शी दाखवली याचा अर्थ त्याच्याकडे बदाम नव्हताच. एकच पान दिसलं, पण कळली दोन. शक्यता ९/४५, म्हणजे २० टक्के.

म्हणून कुणी पान दाखवलं की मी आधी एवढंच बघतो: ते पडलं की निवडून दाखवलं, आणि निवडलं तर कुठल्या सवयीने. दिराची सवय तुम्हाला आमच्यापेक्षा चांगली ठाऊक असणार.

गणिताच्या बाई:

अगदी बरोबर मांडलंत. तीन दारांचं प्रसिद्ध कोडंही याच जागी अडवतं: एका दारामागे बक्षीस, तुम्ही एक दार निवडता, निवेदक दुसरं एक रिकामं दार उघडतो, आता निवड बदलायची का? स्टीव्ह सेल्विन यांनी ते १९७५ मध्ये एका संख्याशास्त्राच्या नियतकालिकात मांडलं, आणि १९९० मध्ये मेरिलिन व्हॉस सावंत यांच्या सदरामुळे ते घराघरांत पोचलं. निवेदकाला बक्षीस कुठल्या दारामागे आहे हे ठाऊक असतं आणि तो मुद्दाम रिकामं दार उघडतो. तेच दार वाऱ्याने आपोआप उघडलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं.

तर्रीपोहे:

आणि कोणी काहीच दाखवलं नाही, नुसतं टाकून देल्लं तर? लोकं पानं पाहूनच टाकतात ना भाऊ. मंग टाकण्यातूनही काहीतरी कळतच असन.

महालकर:

कळतं, नक्की कळतं, आणि इथे मामांचं म्हणणं थोडं जिवंत होतं. लोक पानं न बघता टाकत असते तर ९/४७ काटेकोर राहिलं असतं. पण एक्के कुणी सहसा टाकत नाही, दुर्री-तिर्री टाकतात. म्हणून पहिले सहा जण भराभर बाहेर पडले, की मागे राहिलेल्यांच्या हातात आणि कॅटमध्ये मोठी पानं किंचित दाटलेली असतात. पोकरवाले याला बंचिंग म्हणतात. परिणाम खरा आहे, पण छोटा आहे, तोंडी हिशोबात धरण्याइतका नसतो.

बदामांचंही तसंच. एकाच रंगाची दोन चांगली पानं आली की माणूस खेळत राहतो. म्हणून फ्लॉपनंतर जो तुमच्यासोबत बोली वाढवतोय, त्याच्याकडे बदाम असण्याचा संशय टाकून दिलेल्यांपेक्षा जास्त धरायला हवा. त्याच्याकडे दोन बदाम असतील तर तुमचे सातच उरले: ७/४५, साडेपंधरा टक्के.

या सगळ्यापेक्षा जास्त उपयोगी गोष्ट म्हणजे तुमच्या स्वतःच्या हातातली पानं. ती समोरच्याकडे असू शकत नाहीत. माझ्या उदाहरणात बदाम एक्का माझ्याकडे आहे, बदाम राजा टेबलावर आहे. समोरच्याला एक्क्यांची जोडी मुळात सहा प्रकारे मिळू शकते, आता तीनच प्रकारे. राजांची जोडी, तीही तीनच. एक्का-राजा मुळात सोळा प्रकारे, आता तीन एक्के गुणिले तीन राजे, नऊ. तो जोरात बोली लावत असेल तेव्हा "याच्याकडे काय काय असू शकतं" याची यादी आपल्या दोन पानांनी एवढी छाटली जाते. खेळ सुधारायचा असेल तर माझं मत आहे, टाकलेल्या पानांचा विचार सोडा आणि ही छाटणी शिका.

इतवारीकर:

दिवाळीच्या तीन पत्तीला यातलं काही लागू होतं का? तिथे तर मध्ये एकही पान उघडत नाही.

महालकर:

लागू होतं, पण थोडंसं. तीन पानांचे एकूण २२,१०० प्रकार, त्यात ट्रेल, म्हणजे एकाच अंकाची तीन पानं, ५२, म्हणजे ०.२४ टक्के. आपण पानं न बघता ब्लाइंड खेळत असू तर समोरच्याची ट्रेल ५२/२२१०० च. पानं बघितली की न दिसलेली ४९ राहतात आणि समोरच्याचे १८,४२४ प्रकार. माझ्याकडे तीन वेगवेगळी पानं असतील तर समोरच्याला ट्रेलचे ४३ प्रकार उरतात. माझ्याकडे जोडी असेल तर ४५. माझ्याकडेच ट्रेल असेल तर ४८. म्हणजे माझी पानं जितकी एकाच अंकाची, तितकी समोरच्याला ट्रेल लागायची शक्यता कणभर जास्त, कारण बाकीचे अंक अखंड राहतात. ०.२३ वरून ०.२६ टक्के. सुंदर गोष्ट आहे, पण यावर चाल ठरवू नका.

गणिताच्या बाई:

विषय निघालाच आहे तर एक सांगते. चिंचोकेच ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, आणि ते म्हणताना तीन पानांच्या खेळापासून तिला वेगळं काढलं. ऑनलाइन पैसे लावून खेळायच्या खेळांवर तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आली आहे. शक्यता शिकायला चिंचोक्यांहून चांगलं साधन नाही, मुलंही सोबत बसतात.

चौकट राणी:

दिराची अशी काही सवय नाही, विचारून घेतलं, म्हणजे पहिलाच प्रकार. आता शेवटचं. फ्लॉपलाच दोघांनी सगळे चिंचोके लावले आणि पानं उघडी केली. तुमच्याकडे बदाम एक्का-नव्वी, समोर इस्पिक राजा आणि चौकट राजा. टेबलावर बदाम राजा, बदाम दुर्री, किलवर सत्ती. दोन पानं आणखी दिसली, दोन्ही न-बदाम. म्हणजे तुमची शक्यता वाढली ना?

महालकर:

बदाम यायची वाढली, जिंकायची घटली. दोन्ही मोजून देतो.

आता न दिसलेली ४५ पानं, त्यात बदाम ९. टर्न आणि रिव्हर मिळून पानांच्या जोड्या ९९०. त्यांपैकी एकही बदाम नसलेल्या ६३०, म्हणजे निदान एक बदाम असलेल्या ३६०. ३६.४ टक्के. मघाशी ३५ होती, म्हणजे वाढली.

पण समोरच्याचे तीन राजे झालेले आहेत. टेबलावर कुठलीही जोडी जमली की त्याचं फुल हाउस (एका अंकाची तीन, दुसऱ्याची दोन) होतं, उरलेला किलवर राजा आला तर चार राजे होतात, आणि माझा फ्लश दोन्हीपुढे पडतो. म्हणून किलवर राजा, तीन दुर्र्या आणि तीन सत्त्या, ही सात पानं माझ्यासाठी वाईट. लक्षात घ्या, त्यात बदाम सत्तीही आहे: ती आली तर माझा फ्लश होतो आणि त्याच पानाने त्याचं फुल हाउसही होतं. उरली ३८ चांगली पानं, त्यात बदाम आठ. त्यांच्यातून निदान एक बदाम असलेल्या जोड्या ७०३ − ४३५ = २६८. यातूनही ज्या जोड्यांत बदामासोबत त्याच अंकाचं दुसरं पान आलं, उदाहरणार्थ बदाम दश्शी आणि इस्पिक दश्शी, त्या वगळायच्या, कारण तिथेही टेबलावर जोडी होते. आठ बदाम, प्रत्येकासोबत तीन, अशा २४. राहिल्या २४४.

२४४ भागिले ९९०, म्हणजे २४.६ टक्के.